मागची सीट

गाडी चौदा वर्षांची झाली होती आणि तिच्या दुखण्यांचा पाढा नवऱ्याला तोंडपाठ होता. मागच्या काचा खाली येत नाहीत, मागची दोन्ही दारं आतून उघडत नाहीत आणि वर "जुनी गाडी आहे, चालायचंच!" पुढच्या सीटवर सासूबाई, म्हणून मागे नेहमी तीच. पोचल्यावर तो आधी आईला हात देऊन उतरवायचा, मग पिशव्या, मग निवांत एखादा फोन आणि सगळ्यात शेवटी तिचं दार. वाटेत तिने उलट उत्तर दिलं असलं, तर "डोकं थंड होऊ दे तुझं" म्हणत तिला पंधरा-पंधरा मिनिटं तशीच आत बसवून ठेवायचा. वर शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई, नवरा स्वतः दार उघडतो!"

तो दोन दिवस बाहेरगावी गेला, तशी तिने किल्ली उचलली आणि गाडी थेट गॅरेजात नेली. मेकॅनिकने मागचं दार उघडलं आणि त्याच्या कडेचा बारीकसा खटका दाखवला.

"ताई, दारं ठणठणीत आहेत. हे चाइल्ड लॉक आहे. लहान मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून असतं. पण ते आपोआप लागत नाही, कोणीतरी मुद्दाम किल्लीने फिरवलंय. काढू का?"

तिने ते दार परत लावून टाकलं.



"नको, असू द्या. उद्या साहेबांना आणायला मी जाणार आहे, आणि पुढच्या सीटवर सासूबाई असतील."