ओव्यांतली खरखर

चौथ्या दिवशीही चारच्या चहाला स्मार्ट स्पीकरने आपण होऊन मार्तंडला फोन लावला, तेव्हा अरुंधतीबाईंनी कप खाली ठेवला. घरात त्या एकट्याच होत्या आणि त्यांच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता.

मार्तंड म्हणजे त्यांचा परतूरचा धाकटा भाऊ. चार वर्षांखाली त्यांच्या लेकीच्या, गंधालीच्या लग्नपत्रिकेत मामाचं नाव आत्याच्या यजमानांच्या खाली छापलं गेलं, एवढ्यावरून हा गृहस्थ ऐन मुहूर्ताला मांडवातून उठून गेला. नवरीला बोहल्यावर आणायला शेजाऱ्यांचा मेव्हणा मामा म्हणून उभा करावा लागला. त्या दिवशीच बाईंनी भावाचा नंबर ब्लॉक केला. त्याने जालन्याला यावं, नमतं घ्यावं, मग बघू. हट्ट त्या घराण्यात सगळ्यांच्या वाट्याला भरपूर आला होता.

आणि आता लेकीने पुण्याहून पाठवलेल्या ह्या बोलक्या डब्याने त्यांची पार शोभा केली होती. आधी फोन कोणी केला? थोरल्या बहिणीने!

पलीकडे फोन उचलला जायचा, पण कोणी बोलायचं नाही. नुसता श्वास ऐकू यायचा. तीन दिवस बाईंनी घाईघाईने फोन बंद करायला लावला होता. आज मात्र त्यांचा पारा चढला.

“तुझं तोंड शिवलंय का रे?” त्या म्हणाल्या. “मंग जन्मभर शिवलेलंच राहू दे. मला तुझा एक शब्द ऐकायचा न्हाई.”

तिकडून तरीही फोन ठेवला गेला नाही. तो त्यांनीच तोडला.

संक्रांतीला गंधाली आली आणि तिने छडा लावला. मार्तंडच्या मुलीने, जान्हवीने, घरच्या ग्रुपवर आजीच्या ओव्या टाकल्या होत्या, जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या. बाई रोज चहाबरोबर त्या मोबाइलवर लावत, आणि आईचा आवाज ऐकून डोळे पुसत. गंधालीने त्या तीनदा वाजवल्या. तिन्ही वेळा स्पीकरने मामाला फोन लावला.

“आई, ही खरखर कॅसेटची न्हाई,” ती म्हणाली. “कोणीतरी मुद्दाम भरलीय. आपल्याला खरखर वाटते, पण मशीनला त्यात हुकूम ऐकू येतो, मामाला फोन लाव म्हणून.”

मार्तंडची हयात परतूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेली होती, त्यामुळे बाईंना चोर शोधत बसावं लागलं नाही. स्वतः वाकायचं नाही, बहिणीला मात्र यंत्राकडून वाकवायचं! त्यांनी स्पीकरवरून फोन लावायची सोयच बंद करून टाकली.

मग चार वाजता नुसत्या ओव्याच वाजू लागल्या. बाईंना त्या श्वासाची आठवण यायची आणि त्याची लाजही वाटायची. खरं तर पत्रिकेचा कच्चा मसुदा त्यांनीच तपासला होता. नाव खाली गेलेलं त्यांना दिसलं होतं, आणि ‘चालतंय’ म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. आपण चुकलो, फार चुकलो, हे त्यांना कळत होतं. एवढं कबूल करायला भाऊबीज उजाडली. भावाने बहिणीकडे यायचं, ही रीत बाजूला ठेवून त्या परतूरच्या गाडीत बसल्या.

दार जान्हवीने उघडलं. आत्याला तिने हाताला धरून आत घेतलं. मग तिने पाट मांडला, निरांजन लावलं आणि बाबांना हाक मारली.

मार्तंड गळ्याला मफलर गुंडाळून बाहेर आला. खूप वाळला होता. तो पाटावर बसला आणि एकटक बहिणीकडे बघत राहिला.

“पत्रिकेची चूक माझी होती,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “पण तूही सरळ बोलायचं होतं, असलं चोरून कशाला? आता तरी बोल. एकदा ताई म्हण, मंग ओवाळते.”

मार्तंडचे ओठ हलले.

“आत्या, तुम्हाला कळवायचं न्हाई अशी बाबांनी शपथ घातल्ती,” जान्हवी खाली बघत म्हणाली. “दोन वर्षांखाली कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढलं.”