जावईबापूंचं निदान

नवरोजच्या सणाला काशानला आलेल्या डॉक्टर कामबीझनी ताटाबाहेर मासा कधी पाहिला नव्हता. तरी सासूबाईंच्या अंगणातल्या हौदात डोकावून त्यांनी नाक मुरडलं.

"आई, या लाल माशाच्या कल्ल्यांवर पांढरे दाणे आलेत. शिवाय पोट फुगलेल्या त्या दुसऱ्याला तो ढुसण्या देत सुटलाय. रोग आहे हा, सगळा हौद मरेल."

"अहो, वसंतात नराला येतातच असे दाणे. ती मादी अंड्यावर आलीये," महलका खानम म्हणाल्या.

"डॉक्टर कोण, तुम्ही की मी?" म्हणत जावईबापूंनी नराला चाळणीने उचलून गटारात सोडलं आणि साबणाने तीनदा हात धुतले.

दुसऱ्या दिवशी हौदातल्या शेवाळावर अंडी मण्यांसारखी चमकत होती. खानम ती बघत असतानाच शेजारची इफ्फत आली.

"तुमच्या जावयाकडे नंबर लावून द्या ना. सुनेला सात वर्षं मूल नाही, आणि मूल न होणाऱ्यांसाठी त्यांच्यासारखा डॉक्टर अख्ख्या तेहरानात नाही म्हणतात."


"लावते की. फक्त मुलाला सोबत पाठवू नकोस गं बाई. त्याच्या दाढीत एक पांढरा केस दिसला, तरी हा आधी त्यालाच गटारात सोडायचा."