उलटा माऊस

सत्तरीतल्या गोपाळकृष्णांनी लॅपटॉपवर हट्टाने वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. रविवारी खराडीहून मुलगी आली, तिने वायरलेस माऊस हातात घेतला आणि वैतागली.

"बाबा, तुमच्या या फुकटच्या सिस्टीमवर माऊस उलटा चालतोय. डावं बटण उजव्याचं काम करतंय. थांबा, सरळ करून देते."

"हात लावू नकोस. चार दिवस खपून मीच तो तसा जमवलाय."

"तुम्ही? पण कशाला?"

त्यांनी माऊस तिच्याकडून काढून घेतला आणि कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवला.



"मी डावखुरा आहे, सुरुची. शाळेत छड्या मारून मला उजवा केला होता. आता करून दाखवा म्हणावं!"