पितळी कळ

ऑनलाइन मागवलेला हौशी (हॅम) रेडिओ संच कस्टम्समध्ये अडकला, तेव्हा झुहूर स्वतःच तिथं जाऊन उभी राहिली. तिथले अधिकारी मुन्सिफसाहेब यांनी तिचा रेडिओ चालवायचा परवाना उलटसुलट करून पाहिला.

"नावावर असेल हो तुमच्या. पण चालवणार कोण? नवऱ्याला पाठवा, बाई. बायकांना यातलं काय कळतंय?"

झुहूरने खोक्यातून मोर्स संदेश पाठवायची पितळी कळ काढली, साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत कडकट्ट कडकट्ट वाजवत सुटली.

मागे रांगेत उभा असलेला म्हातारा खो-खो हसायला लागला. उभा जन्म त्याने बिझर्त बंदरातल्या नौदलात बिनतारी संदेश घेण्यात घालवला होता.

"काय म्हणाली ही, काका?"

"चारचौघांत सांगण्यासारखं नाही, साहेब," म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "पण एक अक्षर चुकलेलं नाही."