टाकीतली अंगठी

नागपुरातल्या त्या कॉलनीच्या तरणतलावाचा फिल्टर ताराचंदकाका धुवायला लागले की दिपाली कौतुकानं बघत राहायची. फिल्टर म्हणजे वाळूनं भरलेली बंद टाकी. काका पाणी उलटं सोडायचे. पाणी बाहेर नेणाऱ्या नळीला बसवलेल्या काचेतून आधी चहासारखा गढूळ लोंढा जायचा. मग पाणी इतकं नितळ व्हायचं, की काच भरलेली आहे की रिकामी, तेही कळू नये.

आज टाकी उघडून आतली वाळू सपाट करायचं काम काकांनी तिला दिलं. झाकण आवळून पाणी सोडल्यावर तिला बोट मोकळं लागलं.

अंगठी नव्हती. आईच्या मागे तेवढीच तर उरली होती.

"काहून रडून राहिली वं पोरी? टाकीतच पडली ना, मंग जाईन कुठं?"

"काका, लय खोल गेली असन तर?"

"त अख्खी टाकी उपसू. तुह्या मायची वस्तू व्हय ते."

काकांनी पंप बंद केला, झाकण काढलं.

पाण्याच्या जोरानं विस्कटायला हवी होती ती वाळू सपाट होती. काका पुटपुटले, "असा हात त माहाही नाही."

मधोमध अंगठी होती, कुण्या सोनाराला जमू नये अशी उजळलेली.

ती पडलेली नव्हती. वाळूतून वाळूचंच एक बोट वर आलं होतं आणि अंगठी त्यात नीट बसली होती.

"किती सुंदर," म्हणत दिपालीनं नकळत हात पुढं केला.

तो हात बघून ते बोट हळूच वाकलं, जवळ बोलावल्यासारखं.