आधी कुठलं काम?

एकमेकांवर अडलेली कामं आपण बनवलेलं कामांच्या यादीचं नवं ॲप पकडतं का, हे तपासायला ऋजुताने वैतागून घरचंच भांडण यादीत भरलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावरच आपण लग्न करणार, ही ऋजुताची अट. लग्न झाल्यावरच ऑपरेशन, ही आईची.

स्क्रीन लाल झाली. ‘दोन्ही कामं एकमेकांसाठी थांबली आहेत. दुरुस्त करा.’

“तीन वर्षं मी हेच कानीकपाळी ओरडतेय,” तिने लॅपटॉप आईपुढे सरकवला. “यंत्रालासुद्धा कळलं, तुला कळत नाही. आता तूच सोडव.”

आईने चष्मा लावून दोन्ही ओळी सावकाश वाचल्या. “पुसायचं कुठून?”

ऋजुताने बटण दाखवलं. आईने ऑपरेशनची ओळच पुसून टाकली.

स्क्रीन हिरवी झाली. ‘आता कुठलंच काम अडलेलं नाही.’

भिंत धरत धरत आई कुकर लावायला गेली.