पेढ्याची वाटी

डोहाळजेवणात मृदुलासमोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या होत्या, एक अगदी डावीकडे, एक अगदी उजवीकडे. तिचा हात मधल्या रिकाम्या पाटावरच चाचपडत राहिला.

"अगं, लाजतेस काय? उचल की एक!" सासूबाई हसल्या.

"आई, कडेचं दिसत नाही हो मला. मेंदूतली गाठ वाढलीय, डोळ्यांच्या नसा दाबतेय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. पेटीला अंगठा लावा ना."

औषधांची पेटी भिंतीवरच्या गर्भपाल यंत्राच्या ताब्यात होती. गोळ्यांनी बाळाचं वजन ऐंशी ग्रॅम कमी भरेल, म्हणून त्यानं ती बंद केली होती. आता ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अंगठ्यानंच उघडली असती.

"दोनच महिने राहिलेत, कळ काढ बाई. मग घे हव्या तेवढ्या." सासूबाईंनी कीर्तन लावलं. यंत्राच्या पडद्यावर पोटातलं बाळ झांजांच्या ठेक्यावर पाय हलवू लागलं, तशा सगळ्या बायका पडद्याला भिडल्या. मृदुलाला फक्त पाठी दिसल्या, त्याही धूसर.

"अगंबाई, डोळे उघडले गं त्यानं!"

"कसे आहेत?" मृदुलानं विचारलं.

"टपोरे, थेट तुझ्यासारखे," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, आणि तिचा हात धरून त्यांनी पेढ्याच्या वाटीवर ठेवला.